जिभेच्या ऑपरेशनआधीचं जेवण: उचगाव ते पेठ वडगाव

वडगावच्या त्या रेस्टॉरंटमधून फोन आला तेव्हा मी दवाखान्यात एक्स-रेच्या रांगेत उभी होते. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, मुंबईचे पाहुणे येत नाहीत, एक टेबल रिकामं झालंय, तुम्ही वेटिंगवर होता, रविवारी दुपारी येणार का? मी मागचा-पुढचा विचार न करता हो म्हणून टाकलं. आमच्या मालकांच्या जिभेचं ऑपरेशन मंगळवारी होतं. रविवार त्याच्या आधी येतो, एवढंच डोक्यात होतं. इतकी वर्षं संसार केलेल्या बाईनं नेमकं तिथंच चुकावं, याला काय म्हणायचं! ते पुढे येईलच.

ज्यांनी हा ब्लॉग आज पहिल्यांदा उघडलाय त्यांच्यासाठी सांगते. मी उचगावची. खाण्यासाठी गावोगाव भटकते आणि त्यावर लिहिते. मालक म्हणजे माझा नवरा, दिलीप. मालक म्हणायची आमच्याकडची रीत, बाकी घरात मालकी कुणाची ते शेजाऱ्यांना विचारा. ते शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत नोकरीला. सुट्टी मिळाली की आम्ही गाडी काढायचो. लिहिणारी मी, पण चव यांची. मला आपलं खारट, आंबट, तिखट आणि झकास एवढंच कळतं. हे एक घोट घ्यायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "खोबरं जुनं हाय. मिरी आज कुटल्याली न्हाय." मी ते लिहायचे आणि तुमची वाहवा मिळवायचे. एकदा निपाणीकडच्या खानावळीत हे भर गर्दीत म्हणाले, "ह्यो कालचा रस्सा हाय, पाणी घालून उकळून आणलाय." खानावळवाला उलथनं घेऊनच बाहेर आला. आता होतंय रामायण म्हणून मी पर्स उचलली. त्यानं उलथनं खाली केलं आणि मान घालून म्हणाला, "पावणं, च्या घ्या." चहा पाजल्याशिवाय त्यानं सोडलं नाही.

जगातल्या नावाजलेल्या रेस्टॉरंटांचं वेड मला नव्हतं, यांना होतं. जेवण झालं की मोबाइलवर तेच. कुठलं बर्फातलं, कुठलं समुद्रावरचं, आणि लोक तिथे एका जेवणासाठी विमानानं जातात. "एका जेवणाला इमान! आणि ताटात बघ, चमचाभर!" असं म्हणून हसायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच बघत बसायचे. रिटायर झालं की एका तरी ठिकाणी जायचं, असं आमचं पक्कं ठरलेलं होतं.

मग तो दात. खालचा, मागचा, अर्धा तुटलेला. जिभेला टोचायचा. मी शंभरदा म्हटलं, दाखवून घ्या. "टोचतोय तर टोचू दे की, दात तर हाय!" जखम झाली, भरली, परत झाली, आणि मग भरेचना. तंबाखू नाही, गुटखा नाही, मावा नाही, साधी सुपारी नाही. तरी तुकडा तपासायला गेला आणि कॅन्सर निघाला. भेटायला येणारा प्रत्येक जण आवाज बारीक करून विचारायचा, खात होते का हो? मी म्हणायचे, खात होते की, रस्सा! राग राग व्हायचा नुसता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, अर्ध्याहून जास्त जीभ काढायची, वर रेडिएशन. बोलणं अडखळेल. चवीचं विचारलं तर म्हणाले, त्याची खात्री देत नाही. परत येताना गाडीत हे एवढंच बोलले, "वडगावला जाऊन येऊया एकदा. जीभ हाय तवर."

वडगावला म्हणजे काय, ते सांगते. पेठ वडगावच्या बाहेर एक बंद पडलेलं गुऱ्हाळ आहे. गुळाची चुलवाणं आणि धुराडं तसंच ठेवून एका मुलीनं तिथे रेस्टॉरंट काढलंय. मुलगी वडगावचीच, परदेशातल्या मोठमोठ्या स्वयंपाकघरांत राबून आलेली. नाव देत नाही. त्यांना गर्दी नको आणि मला जाहिरात करायची नाही. टेबलं मोजकी, मेनूकार्ड नाही, त्या देतील ते एकामागून एक येतं. मुंबई-बेंगळुरूची माणसं कोल्हापूरला विमानानं उतरतात, टॅक्सीनं वडगावला जाऊन जेवतात आणि परत जातात. परदेशी लोकही येतात. येतात कशासाठी? तर पांढऱ्या रश्शासाठी! एका लहानशा कपातल्या. आम्ही खूप हसलो होतो. कोल्हापूरच्या माणसानं पांढऱ्या रश्शाला बुकिंग करायचं म्हणजे घरचा आड सोडून विकतचं पाणी प्यायचं. पण यांच्या मनात ते घर करून होतं. "त्यात ती पोरगी कायतरी घालती. एक घोट घेतला की सांगतो." हेच त्यांना जीभ असेपर्यंत करायचं होतं, आणि मला ते घडवून आणायचं होतं.

तर या ब्लॉगवरचा हा सगळ्यात जवळचा प्रवास. रविवारी मी ठेवणीतली साडी काढली, यांनी लग्नाकार्याचा शर्ट घातला, कपाळाला रोजचा गुलाल लावला. जेवणाआधी जिभेला लावायला डॉक्टरांनी बधिर करणारं मलम दिलं होतं. मी ट्यूब पुढे केली.

"आज न्हाय लावणार."

"अहो, पाणी प्यालं तरी डोळ्यांत पाणी येतंय तुमच्या."

"येऊ दे. मलम लावून काय चव लागती व्हय?"

गाडी मी चालवली. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी रस्ता: उचगावातून महामार्गाला लागायचं, पंचगंगेचा पूल, शिरोली, मग पुण्याच्या दिशेनं सरळ. रुंदीकरणाचं काम चालू आहे, कुठे सर्व्हिस रोडला वळवतील नेम नाही, म्हणून वेळ हाताशी ठेवा. वाठारला उजवीकडे वळलं की वडगाव. शिरोलीत हे आपल्या फाउंड्रीच्या धुराड्याकडे मान वळवून बघत राहिले.  

टोपजवळ एक जीप आडवी आली. कासारवाडीच्या रस्त्यानं डोंगरावरून उतरलेली, आतली पोरंसोरं, म्हातारी, ड्रायव्हर, काचा, सगळं गुलालानं माखलेलं. "ज्योतिबाच्या नावानं चांगभलं!" यांनी डावीकडच्या डोंगराकडे बघून हात जोडले. माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

आमच्यात ज्योतिबाचा रविवार असतो. रविवारी वशाट नाही. मटण नाही, अंडं नाही, रश्शाचा थेंब नाही. हे पोरवयापासून पाळतात, मी लग्न करून आले तेव्हापासून पाळते. आणि मी त्या माणसाच्या जिभेचं शेवटचं मटण रविवारी ठरवून बसले होते.

"अहो, आज रविवार!"

"व्हय की. तू फोनवर हो म्हणालीस तवाच ध्यानात आलतं."

"मग बोललासा का न्हाय?"

"तू किती दिसांनी हसलीतीस. कुठं बोलू?"

मी गाडी कडेला घेतली आणि तोंड सोडलं. रडत होते आणि भांडत होते. देवाला कळतं का काही? परवा जीभ कापणार आहेत तुमची. एक रविवार मोडला तर काय आभाळ कोसळतं? आयुष्यभर पाळलंत, त्याचं काय फळ दिलं त्यानं? हे ऐकून घेत होते. मग रुमालानं तोंडाचा कोपरा पुसून म्हणाले, "मंगळवारी त्याच्याचकडं बघायचंय की मला. चल, गाडी काढ. टेबल वाया जातंय." बोलताना जीभ एका बाजूला धरावी लागायची, म्हणून ते हल्ली थोडक्यात बोलायचे. त्यामुळे भांडताही यायचं नाही धड.

जागा सुंदर आहे, खोटं बोलणार नाही. जुन्या दगडी भिंती, मधोमध गूळ आटवायची मोठी काहील, तिच्यात पाणी आणि पाण्यात धुराड्यातून येणारं ऊन. शेजारच्या टेबलावर बेंगळुरूचं कुटुंब होतं, पलीकडे दोन गोरी माणसं. वाढणारा तरुण बाहेरगावचा, हिंदीत विचारता झाला, काही चालत नाही असं आहे का? फोनवर मी फक्त तिखट नको एवढंच सांगितलं होतं. हे म्हणाले, "आज रविवार हाय." तो हसून म्हणाला, "जी सर, संडे." यांनी पुन्हा सांगितलं, त्यानं पुन्हा मान हलवली. शेवटी तो आत जाऊन त्या मुलीलाच घेऊन आला. पांढरा कोट, केस बांधलेले, हाताला भाजल्याचे डाग. तिनं यांच्या कपाळावरचा गुलालाचा टिळा बघितला.

"काका, ज्योतिबा का?"

"व्हय."

"आमच्यातबी हाय. रविवारी मी रस्सा करते, पण तोंडात घालत न्हाय. चव माझ्या हाताखालचा बघतो."

हे खूश झाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पूर्ण तोंडभर हसले, दुखलं तरी. "म्हंजे जगातनं माणसं येत्यात, आणि करणारीला आज कसा झालाय ते ठाव न्हाय!" तीही हसली. म्हणाली, रश्शाची खोटी नक्कल मी तुम्हाला देणार नाही, दुसरं काहीतरी देते.

मी सांगून टाकलं. मंगळवारी जिभेचं ऑपरेशन आहे, म्हणून आलोय. तिचा चेहरा उतरला. ती काही बोलायच्या आत हे माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हिला रस्सा आणा. ही खाणार."

"मी? माझाबी रविवार हाय."

"तुझा माझ्यामुळं हाय. ज्योतिबाला मी सांगतो. तू खा आणि मला सांग. आता तुलाच शिकायला पायजे."

आधी बाकीचं आलं. कागदासारखी पातळ कुरकुरीत भाकरी, वांग्याचं भरीत, उसाच्या रसात मुरवलेलं कलिंगड. चांगलं होतं, पण माझं लक्ष नव्हतं. मग एकसारखे दोन पांढरे कप आले. माझ्यात पांढरा रस्सा. यांच्यात ताक-कण्या, म्हणजे भरडलेला जोंधळा, तुमची ज्वारी, मऊ शिजवून त्यावर गार ताक. आमच्याकडे उन्हाळ्यात शेतावर नेतात ते. यांनी आपला कप बाजूला सारला, माझा उचलला आणि नाकाशी धरला. बराच वेळ.

"तीळ हाय. काजू न्हाय. आलं कवळं घेतलंय. बोकडाचं मटण, चरबी काढून टाकल्याली. घे. गिळू नको लगीच. धर तोंडात."

मी घोट घेतला. काय सांगू तुम्हाला! गरम, मऊ, घशाशी मिरी. आणि डोळ्यांसमोर हा माणूस, माझ्या तोंडाकडे बघत बसलेला.

"काय लागतंय?"

"झकास लागतंय."

"झकास काय चव हाय व्हय? नीट बघ."

"तुम्ही म्हणताय ते सगळं हाय. आणि शेवटाला कायतरी राहतंय. पिठूळ. गोडसर."

"काय ते?"

"कळंना."

त्यांनी पुन्हा वास घेतला. "मलाबी लागंना. हे नाकाचं न्हाय, जिभेचं काम हाय." माझा कप संपला. मी वाढणाऱ्याला म्हटलं, अजून आण. तो अवघडून म्हणाला, मॅडम, एका पाहुण्याला एकच. हे म्हणाले, "पावणं, कोल्हापुरात रस्सा मागावा लागत न्हाय." काय समजलं त्याला देव जाणे, पण ती मुलगी आतून स्वतः किटली घेऊन आली आणि काठोकाठ भरून गेली. दुसऱ्या कपातही मला ओळखू आलं नाही. तिनं सांगायला तोंड उघडलं, तर यांनी हात वर केला. "नको ताई. ही सांगंल."

मग त्यांनी आपल्या कण्या खाल्ल्या. चमच्याच्या टोकानं, हळू, प्रत्येक घासाला थांबून. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते दुखल्याचं का आणखी कशाचं, कोण जाणे. कप चाटूनपुसून साफ केला. "ताक म्हशीचं, आजचंच. कण्या मिक्सरवरच्या, जात्यावरच्या न्हाईत." त्या मुलीनं कान पकडले. शेवटी काकवीचं आइस्क्रीम आलं, ते यांनी मला दिलं.

दर विचाराल म्हणून सांगते, माणशी साडेसहा हजार. यांच्या जेवणाचे घेणार नाही, असं ती मुलगी म्हणाली, यांनी ऐकलं नाही. गाडीत बसल्यावर मी म्हटलं, उद्या घरी करून दवाखान्यात डबा आणते. पांढरा. हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "राहू दे. माझं जेवण झालं."

मंगळवारचं फार लिहीत नाही. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी बाक असतो, त्यावर मी बसले आणि मनात एकच घुमत होतं, रविवार मी मोडलाय. हसाल तुम्ही. मीही शिकलेली बाई आहे. पण त्या बाकावर बसलं की शिक्षण कामाला येत नाही. मी ज्योतिबाला म्हटलं, खाल्लंय मी, काय करायचं ते मला कर.

बाहेर आणलं तेव्हा ओळख पटेना. तोंड सुजलेलं, गळ्याला भोक, नाकात नळी. हातावरचं मांस काढून तोंडात जीभ शिवलेली. डॉक्टर म्हणाले, छान झालंय. त्यांच्या हिशेबानं असेल. पुढे रेडिएशन सुरू झालं आणि तोंड आतून सोलून निघालं. झोपेतही कण्हायचे. नळीतून द्यायला दवाखान्यातल्या बाईंनी आहार सांगितला: दूध, डाळीचं पाणी, जोंधळ्याची पेज, अंड्याचा पांढरा भाग. पहिल्या रविवारी मी सिरिंज भरली, तर यांनी माझं मनगट धरलं. बोट हलवलं, न्हाय. बाई समजावत होत्या, काका, जिभेला लागत नाही, थेट पोटात जातं. हे बोट हलवतच राहिले. हसू आलं मला, आणि त्या वॉर्डात इतकी रडले की नर्सनं खुर्ची दिली.

गळ्याचं भोक बुजलं, आम्ही घरी आलो. नळी तशीच राहिली. बोलतात त्यातले दहातले दोन शब्द कळतात. आपलं बोलणं आपल्या बायकोला कळत नाही म्हणून ते आताशा बोलायचंच टाळतात. जोंधळ्याची पेज मी रोज करते, फडक्यातून गाळते. असंच एकदा गाळताना बोटांना लागलेली पेज चाटली आणि जागेवर थांबले. परत चाटली. गिळली नाही, तोंडात धरली. पिठूळ. गोडसर. शेवटाला राहणारं.

बुधवारी मटण आणलं. पांढरा केला, तीळ घातले, काजू नाही, आणि उतरायच्या आधी गाळलेली पेज. कप यांच्यासमोर ठेवला. वास यांना परत यायला लागलाय. नाकाशी धरला, डोळे मिटले, मग कप माझ्याकडे सरकवला. मी घोट घेतला आणि धरला तोंडात.

"त्येच हाय," मी म्हटलं. "जोंधळा हाय हो त्यात. आणि ऐका, तुमच्या कपातबी जोंधळाच हुता. तुमच्या जिभेला लागलंय ते. त्याच दिशी लागलंय."

 त्यांनी कपाळावर हात मारला, असा खाडकन, निपाणीच्या खानावळीत चूक निघाली असती तर मारला असता तसा. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती, ती पुसायचंही भान नव्हतं. काहीतरी बोलले, मला कळलं नाही. परत बोलले, नाहीच कळलं. शेवटी बोटानं हवेत लिहिल्यासारखं केलं.

म्हणून हे लिहिलंय. वडगावला फोन करून खात्री केलेली नाही, करणारही नाही.

तिथे जावं का? जा. लांबून या, विमानानं या, तेवढ्या मोलाचं आहे ते. रश्शाचा दुसरा कप हक्कानं मागा. पण जीभ शाबूत असताना जा, आणि दात टोचत असेल तर आधी दाताच्या डॉक्टरकडे जा. इतकी वर्षं लिहितेय, याहून उपयोगाचं मी काही लिहिलेलं नाही.

गेल्या आठवड्यात यांच्या मानेला गाठ लागली. डावीकडे, कानाखाली. परत तुकडा तपासायला दिलाय, परत त्याच रांगा. काय येणार ते आम्हा दोघांनाही कळलंय. आज रविवार आहे, नळीतून फक्त दूध आणि पेज. हे कॉटवर उशीला टेकून बसलेत आणि माझ्या बोटांकडे बघतायत, संपलं का म्हणून. आता हे सगळं मोठ्यानं वाचून दाखवणार आहे. कुठेतरी चुकलेलं असणारच, आणि तिथे ते बोट हलवतील. मी सावकाश वाचणार आहे.